बाथरूममध्ये गीझर, दिवा, सॉकेट नेमके कुठे? आधी टेप लावा, मग वायर ओढा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २५० बाय १५० सेंमीची, टब नसलेली बाथरूम नव्याने करायची आहे. शॉवर आखूड भिंतीच्या मधोमध, दार समोरच्या भिंतीत, छत २७० सेंमीवर. गीझर, एक्झॉस्ट फॅन, आरशावरचा दिवा, छतातले दिवे आणि ट्रिमर व हेअर ड्रायरसाठी एक सॉकेट हवे आहे. इलेक्ट्रिशियनचे म्हणणे असे, की आरसीसीबी (करंटची गळती झाली की सर्किट तोडणारा स्विच) बसवलाच आहे, तेव्हा पॉइंट कुठेही काढला तरी चालतो. हे बरोबर आहे का? आणि जुन्या गीझरच्या पाण्याला कधीकधी झिणझिण्या येतात, तोच नव्या जागी लावायचा का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. पहिल्या ‘नाही’मागचे कारण आधी सांगतो, कारण ते कळले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

कोरड्या, चपला घातलेल्या माणसाला शॉक बसतो तेव्हा त्वचा आणि चपला करंटला बराच अडथळा करतात. अंघोळ करणाऱ्या माणसाकडे यातले काहीच नसते. त्वचा भिजलेली, पाय उघडे, फरशी ओली, हात नळावर. अशा शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २३० मिलिअँपिअर करंट जातो. साधारण १० मिलिअँपिअरलाच स्नायू आखडायला लागतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० मिलिअँपिअरच्या वर करंट जास्त वेळ वाहिला तर हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका सुरू होतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला (करंट ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की सर्किट तोडणाऱ्या स्विचला) मात्र हे २३० मिलिअँपिअर जाणवतही नाहीत. तो वायर वाचवायला असतो, माणूस वाचवायला नाही.

माणसासाठी आरसीसीबी असतो, आणि बाथरूमच्या प्रत्येक सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच, यात वाद नाही. पण तो काय करतो हे नीट समजून घ्या. तो करंट ३० मिलिअँपिअरवर अडवून धरत नाही. फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांत फरक दिसला की तो सर्किट तोडतो, एवढेच. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला त्याला ३०० मिलिसेकंदांपर्यंत मुभा असते, १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांपर्यंत. म्हणजे वर काढलेला २३० मिलिअँपिअरचा झटका पूर्ण ताकदीने बसतो, फक्त थोडा वेळ. तेवढ्यातही ओल्या फरशीवर माणूस तोल जाऊन पडू शकतो. शिवाय एका हाताला फेज आणि दुसऱ्या हाताला न्यूट्रल लागला आणि जमिनीत काही गळती झाली नाही, तर आरसीसीबीच्या दृष्टीने ते शरीर म्हणजे एक बल्बच. तो पडणार नाही. आतला स्प्रिंग वर्षानुवर्षे न हलल्याने अडकला असेल तरीही पडणार नाही.

म्हणून बाथरूममध्ये पहिले संरक्षण अंतर, दुसरे पाण्याला दाद न देणारे फिटिंग, आणि आरसीसीबी शेवटचा. यातला एक आहे म्हणून दुसऱ्याला सुट्टी देता येत नाही. इलेक्ट्रिशियनच्या वाक्यात चूक नेमकी इथे आहे.

आता अंतर कसे मोजायचे ते. आयईसी या आंतरराष्ट्रीय विद्युत मानक संस्थेच्या ६०३६४ या मानकाचा ७-७०१ हा भाग फक्त टब किंवा शॉवर असलेल्या जागांसाठी आहे आणि बहुतेक देशांचे नियम त्याच धर्तीवर बेतलेले आहेत. त्यात जागेचे झोन पाडले आहेत. झोन ० म्हणजे टबाच्या किंवा शॉवर ट्रेच्या आतली जागा, जिथे पाणी साठते. झोन १ म्हणजे त्याच्या थेट वरची जागा, फरशीपासून २२५ सेंमी उंचीपर्यंत. शॉवर त्याहून उंच असेल तर शॉवरच्या उंचीपर्यंत. झोन २ म्हणजे झोन १ च्या कडेपासून पुढे ६० सेंमी.

तुमच्याकडे टबही नाही आणि ट्रेही नाही, आणि इथेच बहुतेक जण घसरतात. पाणी अडवणारी कड नसली की वेगळा नियम लागतो. मग झोन १ हा पाणी बाहेर पडण्याच्या पक्क्या जागेच्या मध्यापासून १२० सेंमी त्रिज्येचा होतो, झोन ० म्हणजे त्याच घेरातली फरशीलगतची १० सेंमीची जागा, आणि झोन २ वेगळा उरत नाही. कड नाही म्हणून ६० सेंमीची पट्टी गाळली आणि झोन १ च मोठा केला.

हे तुमच्या खोलीत मांडून बघू. शॉवर भिंतीलगत असता तर १२० सेंमीचे वर्तुळ भिंतीपासून निघाले असते. पण ओव्हरहेड शॉवरचा दांडा साधारण ४० सेंमी पुढे येतो, आणि मोजायचे ते शॉवरहेडच्या मध्यापासून. म्हणून खोलीच्या मधोमध झोन १ शॉवरच्या भिंतीपासून १६० सेंमीपर्यंत पोचतो. बाजूच्या भिंती शॉवरपासून ७५ सेंमीवर आहेत, तिथे वर्तुळ तिरके कापले जाते. हिशेब केला तर शॉवरपुढे ९४ सेंमी येतात, त्यात दांड्याचे ४० मिळवले की बाजूच्या भिंतीवर झोनची हद्द शॉवरच्या भिंतीपासून १३४ सेंमीवर. म्हणजे खोलीतली निम्म्याहून जास्त जागा झोन १ मध्ये आहे. पाइपला लावलेला हँड शॉवरही बसवणार असाल, तर त्याचा पाइप भिंतीतून जिथे निघतो तिथून दुसरे वर्तुळ काढा आणि दोन्ही मिळून जी हद्द येईल ती धरा. मध्ये काचेचे पक्के पार्टिशन असेल, तर दोरी पार्टिशनला वळसा घालून ताणतात तसे अंतर मोजायचे. पडदा म्हणजे पार्टिशन नव्हे.

हे काम कागदावर करून भागत नाही. प्लॅस्टर झाल्यावर, टाइल्स लागण्याआधी, टेप आणि खडू घेऊन ही हद्द भिंतींवर प्रत्यक्ष आखा. २२५ सेंमीची आडवी रेघही मारा. ती टाइल्स लागल्यानंतरच्या फरशीपासून धरायची असते, आत्ताच्या कोब्यापासून नाही. प्लंबर आणि इलेक्ट्रिशियन दोघांनाही ती आखणी एकाच वेळी दाखवा. शॉवरची जागा प्लंबरने नंतर २० सेंमी सरकवली तर तुमचा सुरक्षित पॉइंट गुपचूप झोनमध्ये येतो, आणि हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

आता एकेक वस्तू घेऊ.

सॉकेट. झोन ० आणि १ मध्ये २३० व्होल्टचे सॉकेट कुठल्याही परिस्थितीत नाही, आणि ज्या बाथरूममध्ये झोन २ असतो तिथे त्यातही नाही. अपवाद फक्त सुरक्षित कमी व्होल्टेजच्या सॉकेटचा, त्याबद्दल पुढे. आयईसीप्रमाणे झोनच्या बाहेर, ३० मिलिअँपिअर आरसीसीबीसह सॉकेट चालते. ब्रिटनचे नियम यापेक्षा कडक आहेत. तिथे झोन १ च्या हद्दीपासून ३ मीटरच्या आत सॉकेट नको असे होते, २०२२ च्या दुरुस्तीने ते अंतर २.५ मीटर झाले. त्या मापाने तुमच्या अख्ख्या बाथरूममध्ये सॉकेटला जागाच नाही. उलट अमेरिकेत बेसिनपासून तीन फुटांच्या आत सॉकेट द्यावेच लागते, आणि फोटोंमध्ये बेसिनशेजारी दिसणारी सॉकेट बहुतेक तिथली असतात. पण तिथे व्होल्टेज १२० असते आणि १९७५ पासून बाथरूममध्ये सक्तीचे असलेले त्यांचे संरक्षक उपकरण ४ ते ६ मिलिअँपिअरलाच तोडते. २३० व्होल्टच्या घरात ते फोटो बघून पॉइंट काढू नयेत.

माझा सल्ला स्पष्ट आहे. तुमच्या खोलीत सॉकेट दाराबाहेर द्या. सॉकेट बेसिनजवळ असले की हेअर ड्रायर ओल्या हाताने वापरला जातो आणि त्याची वायर शॉवरपर्यंत पोचते. पुढे तिथेच कोणीतरी एक्स्टेंशन लावून मोबाइल चार्जिंगला ठेवते. नियम सॉकेटची जागा ठरवतो, वायरची लांबी ठरवत नाही; ती आपण ठरवायची. फक्त ट्रिमर आणि टूथब्रशसाठी आतच सोय हवी असेल, तर आयसोलेटिंग ट्रान्सफॉर्मर (सॉकेटला मुख्य पुरवठ्यापासून वेगळे ठेवणारा) असलेले शेव्हर युनिट मिळते. त्याची क्षमता २० ते ५० व्होल्टअँपिअर एवढीच असते, त्यामुळे हेअर ड्रायर त्यावर चालूच शकत नाही. ती त्याची उणीव नाही, तेच त्याचे काम आहे. झोन २ मध्येही ते चालते.

गीझर. झोन १ मध्ये गीझर लावायला बंदी नाही, पण तो किमान आयपीएक्स ४ (सर्व बाजूंनी उडणारे शिंतोडे सोसणारा) असावा आणि पक्का जोडलेला असावा, प्लग-सॉकेटवर नको. तरी तुमच्या खोलीत त्याला तिथे नेण्याची गरज नाही. दाराच्या वर साधारण ६० सेंमी जागा आहे. आडवा गीझर तिथे बसतो आणि झोनपासून लांब राहतो. भिंत वजन पेलणारी आहे ना, हे मात्र आधी बघा. बाजूच्या भिंतीवर लावायचा असेल तर १३४ सेंमीच्या पुढे. शॉवरच्या डोक्यावर २२५ आणि २७० च्या मधल्या फटीत तो कोंबू नका, कारण दुरुस्तीच्या वेळी माणूस ओल्या फरशीवर स्टुलावर उभा राहून ते काम करणार आहे.

गीझरचा पॉइंट त्याच्या बरोबर खाली काढण्याची सवय सगळीकडे दिसते. गीझरच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते, ते ठिबकणे अपेक्षितच असते, आणि ते थेट त्या पॉइंटवर पडते. व्हॉल्व्हला ड्रेनपर्यंत नळी लावा आणि पॉइंट बाजूला, वरच्या अंगाला घ्या. स्विच बाथरूमबाहेर आणि डबल पोल, म्हणजे बंद केल्यावर फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. २ किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो, ३ किलोवॅटचा १३. दोन्हींना १६ अँपिअरचे स्वतंत्र सर्किट आणि २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर साधारण पुरते, लांबी फार असेल तर ४ चौरस मिमी.

दिवे. छतातले दिवे २७० वर आहेत, म्हणजे झोनच्या वर. नियमाने तिथे कुठलाही दिवा चालेल. मी तरीही आयपी ४४ घ्या म्हणेन. हँड शॉवर कुठल्याही दिशेला वळतो आणि वाफ रेघा मोजत नाही. झोनच्या आतला दिवा असेल तर आयपीएक्स ४ ही सक्ती. शॉवरखाली फरशीलगत रंगीत दिवे लावण्याची हौस असते. झोन ० मध्ये फक्त १२ व्होल्ट एसी किंवा ३० व्होल्ट डीसीपर्यंतचे, पक्के जोडलेले, आयपीएक्स ७ चे (थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी चालणारे) फिटिंग चालते. तो १२ व्होल्ट कुठून येतो हे महत्त्वाचे. ट्रान्सफॉर्मर किंवा ड्रायव्हर आयसोलेटेड असावा, त्यावर ‘एस.ई.एल.व्ही.’ (म्हणजे सुरक्षित कमी व्होल्टेज) अशी खूण असावी, आणि तो स्वतः झोनच्या बाहेर असावा. काही स्वस्त ड्रायव्हरमध्ये १२ व्होल्टची बाजू २३० पासून वेगळी केलेली नसते, मग मल्टिमीटर १२ दाखवतो आणि अंगाला मात्र २३० लागू शकतात. झोन १ मधल्या कमी व्होल्टेजच्या वस्तूंची मर्यादा २५ व्होल्ट एसी किंवा ६० व्होल्ट डीसी.

आरशावरचा दिवा सोपा आहे. बेसिनमुळे कुठलाही झोन तयार होत नाही; झोन टब आणि शॉवरचाच. बेसिन दाराकडच्या अर्ध्या भागात घ्या, दिवा डबल इन्सुलेटेड घ्या, म्हणजे ज्यावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असते तो. एक्झॉस्ट फॅन २५० सेंमी उंचीवर बसला तर झोनबाहेर. खाली, शॉवरच्या घेरात येत असेल तर आयपीएक्स ४ चा किंवा १२ व्होल्टचा. सगळे स्विच दाराबाहेर.

आयपीच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथे पैसे खर्च करूनही संरक्षण मिळत नाही असे वारंवार दिसते. आयपी ४४ मधला दुसरा ४ म्हणजे सर्व बाजूंनी उडणाऱ्या शिंतोड्यांपासून बचाव. हा आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो. भिंतीवर तो टिकतो की नाही, हे केबल आत कशी शिरली यावर ठरते. रबरी ग्रोमेटला (केबल शिरते तिथल्या रबरी बुचाला) बारीक भोक पाडून त्यातून गोल केबल घट्ट जायला हवी. त्याऐवजी ग्रोमेट ब्लेडने कापून त्या फटीतून तीन सुट्या वायर ओढल्या जातात. फटीतून वाफ आत जाते, दिवा बंद झाल्यावर थंड होतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा ओढली जाते. रोज थोडे थोडे पाणी काचेच्या आत जमते. काही महिन्यांनी झाकण उघडले तर टर्मिनलवर हिरवा थर आणि तळाशी गंजाचे पाणी. केबल खालून किंवा मागून घ्या, वरून घ्यावीच लागली तर आधी खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी झोलातून गळून पडते. गास्केट पिळवटलेले नाही ना हे स्क्रू आवळण्याआधी बोटाने फिरवून बघा. सार्वजनिक स्नानगृहांसारख्या जागी फवाऱ्याने धुलाई होते, तिथे आयपीएक्स ५ लागते.

टाइल्सच्या मागची वायरिंग कोणालाच दिसत नाही, म्हणून तिथे बेफिकिरी होते. शॉवरच्या भागातल्या वस्तूला वायर न्यायची असेल तर ती सरळ वरून उभी खाली, किंवा भिंतीच्या मागच्या बाजूने आरपार. तिरकी कधीच नाही. पुढे कोणीतरी साबणदाणी किंवा टॉवेल रॉडसाठी ड्रिल मारणार आहे, आणि उभी वायर कुठे असेल याचा अंदाज त्याला बांधता येतो. दुसऱ्या खोलीकडे जाणाऱ्या वायर बाथरूमच्या भिंतीतून नेऊच नका. टाइल्स लागण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. तो फोटो पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत उपयोगी पडतो.

अर्थिंगचे दोन मुद्दे. पहिला, पाण्याचे, ड्रेनचे किंवा गॅसचे पाइप धातूचे असतील तर ते एकमेकांना आणि बाथरूममधल्या अर्थिंगच्या वायरना तांब्याच्या वायरने जोडावेत. ही वायर संरक्षित असेल तर २.५, उघडी असेल तर ४ चौरस मिमी. उद्देश असा, की बिघाड झालाच तर हात लागणाऱ्या सगळ्या धातूंचा व्होल्टेज जवळपास सारखा राहावा. पाइप प्लास्टिकचे असतील तर त्यांवरच्या सुट्या नळांना ही जोडणी लागत नाही. दुसरा, आणि हा प्राणाशी गाठ घालणारा: अर्थिंग नीट नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात तुकडा टाकून काम भागवू देऊ नका. तोच न्यूट्रल मागे कुठे तुटला, तर गीझरची टाकी, पाइप आणि नळ यांवर फेज येतो, आणि तो आणणारी वायर म्हणजे आपण ‘अर्थ’ समजत असलेली वायर.

आरसीसीबी घेताना टाइप ए घ्या. इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या उपकरणांची गळती नेहमीच्या एसीसारखी नसते आणि टाइप एसीला ती दिसेलच असे नाही. टेस्ट बटण उत्पादकाने सांगितलेल्या अंतराने दाबत राहा, त्याने यंत्रणा मोकळी राहते. पण बटण दाबून पडला म्हणजे अर्थिंग ठीक आहे, असा अर्थ होत नाही. अर्थिंग अजिबात नसले तरी बटण काम करते. वायरिंग पूर्ण झाल्यावर इलेक्ट्रिशियनकडून तीन रीडिंग लिहून घ्या: ५०० व्होल्टवर इन्सुलेशन रेझिस्टन्स, जे १ मेगाओहमपेक्षा कमी नसावे, अर्थिंगची सलगता, आणि आरसीसीबीचा प्रत्यक्ष ट्रिप टाइम.

आता जुना गीझर. पाण्याला झिणझिण्या येणे म्हणजे आत्ताच करंट पाण्यातून अंगापर्यंत येतो आहे. सहसा हीटिंग एलिमेंटच्या आवरणाला क्षारांमुळे बारीक छिद्र पडलेले असते. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही ठीक असते, तर झिणझिणीपर्यंत वेळ आलीच नसती. आधीच ट्रिप झाला असता. म्हणजे तुमच्या सध्याच्या घरात गीझर बिघडलेला आहे आणि संरक्षणही तुटलेले आहे, असे दोन दोष एकदम आहेत. नव्या बाथरूमची वाट न बघता आजच गीझरचा स्विच बंद करून सर्किटच तोडून ठेवा, आणि अंघोळीच्या आधी फक्त स्विच बंद करू, या भरवशावर राहू नका. तो सिंगल पोल असेल आणि फेजऐवजी न्यूट्रल तोडत असेल तर बंद असतानाही एलिमेंटवर फेज असतो. एलिमेंट बदलून, टाकीचा इन्सुलेशन रेझिस्टन्स थंड आणि गरम अशा दोन्ही वेळी मोजून तो चांगला आला तर गीझर पुन्हा वापरता येईल. टाकीच आतून गंजली असेल तर नवाच घ्या. आणि जुन्या घरात कोणी राहणार असेल, तर तिथला अर्थिंगचा दोष शोधल्याशिवाय दुसरा गीझर त्या पॉइंटवर लावू नका.